चाळणीतून निसटलेले

पूर ओसरल्यावर आम्ही पहिल्यांदा त्रिभुज प्रदेशातल्या चिखलात उतरलो, तेव्हा आधी वास आला. पुराआधी इथे पाऊल टाकलं की शिंपल्यांनी सोडलेल्या पाण्याच्या चिळकांड्या उडायच्या. आता ते सगळे आ वासून पडले होते, दोन्ही शिंपा बिजागरीला जोडलेल्या. म्हणजे लाटांनी आणून टाकलेले नव्हेत, जागीच मेलेले.

पाण्यातला खारटपणा उतरला की शिंपला स्वतःला मिटून घेतो आणि ऑक्सिजनशिवाय दिवस काढतो. काही दिवस हे निभतं. पूर लांबला तर शिंपा आवळून धरणारा स्नायू सैल पडतो आणि बिजागरीची लवचीक पट्टी त्या उघडते. किनाऱ्याच्या वरच्या पट्ट्यातल्या बारीक गोगलगायी मात्र तोंडावरचं झाकण लावून तग धरून होत्या.

जिवंत शिंपले मोजायची आमची पद्धत ठरलेली: २५ सेंटिमीटर बाजूची चौकट, ३० सेंटिमीटर खोलीपर्यंतचा चिखल, १ मिलिमीटर जाळीची चाळण. मधल्या आणि खालच्या पट्ट्यात एकही जिवंत शिंपला मिळाला नाही. भरतीचं पाणी चढू लागलं होतं. सहकारी म्हणाला, "शून्य लिही आणि चल."

लिहिलं. पण एक गोष्ट मला बरेच दिवस खुपत होती. दर पुरानंतर आम्ही शून्य लिहायचो आणि हिवाळ्यात तिथेच पाच-सहा मिलिमीटरचे शिंपले निघायचे. एवढं वाढायला त्यांना आधीचे कित्येक आठवडे चिखलातच काढायला हवेत. मग आमच्या शून्याच्या दिवशी ते होते कुठे? म्हणून शेवटच्या चौकटीचा चिखल मी ०.५ मिलिमीटरच्या चाळणीत ओतला. ती सारखी तुंबते, हात भरून येतात, पाणी गुडघ्यापर्यंत आलं तरी मी धूतच होते. राहिलेला गाळ खाऱ्या पाण्यात तसाच जिवंत ठेवला.

रात्री सूक्ष्मदर्शकाखाली नुसती वाळूच दिसत होती. मग एक कण हलला. काचेसारख्या पारदर्शक शिंपांमधून जिभेसारखा पाय बाहेर आला, चाचपडला, आत गेला. शेजारी दुसरा. मी सहकाऱ्याला हाक मारली तेव्हा आवाज कापत होता.

शिंपल्याच्या अळ्या साधारण दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतात आणि मग तळ धरतात. खारटपणा परतल्यावर भरतीबरोबर याही आल्या असणार. मोठे शिंपले पाणी गाळताना अळ्याही ओढून घेतात. इथे ओढून घ्यायला कुणी उरलंच नव्हतं. ज्या पट्ट्याला आम्ही मेलेला म्हणत होतो, तिथे पुढची पिढी वस्तीला आली होती.

वहीतलं त्या चौकटीचं शून्य खोडलं आणि तक्त्यात बारीक चाळणीचा नवा रकाना आखला. आधीच्या हंगामांची शून्यं तशीच आहेत. तो चिखल चाळणीखालून केव्हाच वाहून गेला.