फोनसावानला गेलात तर पायाखाली बघा

लाओसला जाणारे बहुतेक जण लुआंग प्राबांग बघून परततात. आम्ही शिएंग खुआंग प्रांतातल्या फोनसावानपर्यंत गेलो. ओढ दगडी रांजणांच्या पठाराची होती, पण घरी आल्यावर आठवत राहिली ती तिथली जमीन.

१९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने या देशावर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. क्लस्टर बॉम्बमधून पडलेल्या छोट्या बॉम्बना इथे ‘बोंबी’ म्हणतात. त्या २७ कोटींच्या आसपास होत्या आणि त्यातल्या ३० टक्क्यांपर्यंत फुटल्याच नाहीत, असा अंदाज आहे.

पठारावर जाण्याआधी गावातलं मॅग या, न फुटलेले बॉम्ब शोधून निकामी करणाऱ्या संस्थेचं माहिती केंद्र बघाच. निकामी केलेल्या बोंबी तिथे जवळून बघता येतात. बीएलयू-२६ ही टेनिसच्या चेंडूएवढी. कवचात शेकडो पोलादी छर्रे, अंगावर बाहेर आलेले कंगोरे. या कंगोऱ्यांमुळे ती पडताना गरगर फिरते आणि त्या फिरण्यानेच तिचा फ्यूज सज्ज होतो. दुसरी पिवळी, डब्यासारखी, वर पाती असलेली. तिला अननस म्हणतात. पण काचेमागची स्वच्छ बोंबी बघून फसू नका. पन्नास पावसाळे खाल्लेली बोंबी म्हणजे मातीने माखलेला गंजका गोळा. इथली मुलं लोखंडी गोळ्यांनी पेटांक खेळतात, त्यांना तो खेळायचा गोळाच वाटतो.

तेव्हा ओळखायला शिका ते लांब राहण्यासाठी. गोल, नळीसारखं, पाती असलेलं काहीही दिसलं की हात लावू नका, आल्या पावली मागे फिरा आणि गाइडला सांगा. रांजणांपाशी जमिनीत मॅगच्या खुणेच्या विटा दिसतील. पांढऱ्या बाजूला खोलवर सफाई झालेली असते, लाल बाजूला फक्त वरवरची. फोटोसाठीसुद्धा लाल बाजूला जाऊ नका. शेतात, झुडपात आडवाटेने शिरू नका, उघड्या जमिनीवर शेकोटी पेटवू नका.

गावात बॉम्बची मोठी टरफलं घरांच्या खांबांना लावलेली दिसली. एका घरापुढे चिरलेल्या टरफलात कांद्याची पात लावली होती, हिरवीगार. बान नापिआत युद्धाच्या भंगारातलं अ‍ॅल्युमिनियम वितळवून चमचे ओततात. मी घेतला नाही. भंगार वेचताना माणसं जायबंदी झाली आहेत, ते डोक्यातून जाईना.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी असते, पण रात्री स्वेटर लागतो. रांजणांची पहिली साइट गावाजवळ आहे, दुसरी-तिसरीसाठी गाडी आणि गाइड घ्या.

क्लस्टर बॉम्बवर बंदी घालणारा करार २००८ मध्ये झाला. लाओस त्यात आहे, भारत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

परतताना राजधानी व्हिएन्टिनमध्ये कोप या, कृत्रिम हातपाय पुरवणाऱ्या संस्थेच्या केंद्रासाठी दोन तास राखून ठेवा. प्रवेश मोफत आहे, देणगीपेटीत जमेल ते टाका. गावकऱ्यांनी स्वतःसाठी घरीच घडवलेले कृत्रिम पाय तिथे मांडून ठेवले आहेत.