बदली रिमोट

रिमोट बिघडला असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या पोटातले रबर झिजलेले असते. प्रत्येक बटणाच्या खालच्या अंगाला कार्बनचा एक काळा ठिपका असतो आणि तो सर्किटवर टेकला की संदेश सुटतो. आवाजाच्या बटणाखालचा ठिपका सर्वांत आधी उडतो, तर ज्या बटणांचे प्रयोजन घरात कोणालाच ठाऊक नाही ती वर्षानुवर्षे कोरी राहतात. म्हणून बाजार गाठण्यापूर्वी रिमोट मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटणे दाबून पाहावीत. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बहुधा तिथे जांभळट लुकलुकताना दिसतो. तो काही बटणांवर दिसला आणि काहींवर नाही, तर दोष रबराचा.

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘जुना आणलाय का?’ या प्रश्नात मोठा अनुभव आहे. एकाच कंपनीच्या दोन टीव्हींचे रिमोट वेगळे असू शकतात, कारण संदेशाची भाषा वेगळी असते. ‘एनईसी’ पद्धतीत प्रकाश सेकंदाला 38 हजार वेळा स्पंदतो, फिलिप्सच्या ‘आरसी-5’मध्ये 36 हजार वेळा. तेव्हा टीव्हीचे नुसते नाव सांगून भागत नाही. जुना रिमोट हाती आला की बटणांची मांडणी पाहून अर्धे काम होते.

कोणत्याही टीव्हीला चालणारा युनिव्हर्सल रिमोट स्वस्त आणि सोयीचा वाटतो, परंतु मी तो घेणार नाही. आई चष्मा न लावता, मालिकेवरची नजर न हटवता आवाज कमी करते, ते अंगठ्याच्या सवयीवर. त्या सवयीला नवी मांडणी शिकवणे हे कोड जुळवण्यापेक्षा अवघड आहे. स्मार्ट टीव्हीच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. माइकच्या बटणाला बहुधा ब्लूटूथ लागते, आणि अनेक स्वस्त प्रतिकृतींवर ते बटण केवळ शोभेपुरते असते.

एसीचे प्रकरण मात्र निराळे. टीव्हीचा रिमोट ‘एक घर वर’ एवढेच सांगतो. एसीचा रिमोट सहसा प्रत्येक दाबासरशी तापमान, पंख्याचा वेग, झोताची दिशा असा सगळा हुकूम नव्याने धाडतो. त्यामुळे घरात जुना आणि नवा असे दोन रिमोट असले, तर एकाच्या पडद्यावर 24 आणि दुसऱ्याच्या पडद्यावर 20 असू शकतात आणि दोघेही आपापल्या जागी ठाम. ज्याचे बटण शेवटी दाबले गेले त्याचे खरे.

दुकानदार रिमोट मोबाइलसमोर लुकलुकवून दाखवतो, त्यावर विसंबू नये, कारण त्यातून दिवा पेटतो एवढेच कळते, आपला टीव्ही ऐकेल की नाही ते नाही. बदलून मिळेल का, हे आधी विचारून घ्यावे. सेल बहुधा वेगळे घ्यावे लागतात.