जुन्या शिडाच्या बोटीची तीन हिवाळ्यांची डागडुजी

ऑक्टोबर २०२१ मध्ये मी मेरीलँडमधील वेस्ट नदीवरच्या एका बोटयार्डातून ३० फुटी शिडाची बोट विकत घेतली, तेव्हा तिचे वय ३७ वर्षे होते आणि किंमत एखाद्या वापरलेल्या मोटारगाडीइतकी होती. विमा उतरवण्यासाठी सर्व्हेअरकडून तपासणी करून घेणे भागच होते. त्याच्या अहवालात ‘डेकमध्ये चेनप्लेटजवळ आणि पुढच्या झडपेभोवती ओलावा जास्त आहे’ असे एक साधे वाक्य होते. (डेक म्हणजे बोटीचा वरचा पृष्ठभाग, चेनप्लेट म्हणजे डोलकाठीच्या तारा अडकवायच्या पट्ट्या, आणि झडप म्हणजे डेकमधले उघडझाप होणारे झाकण.) मी ते वाचले आणि पुढे गेलो, कारण त्याच पानावर इंजिन सुस्थितीत असल्याचे लिहिले होते आणि मला तेवढेच वाचायचे होते.

२०२२ चा पहिला उन्हाळा मी हौसेवर पैसे घालवण्यात काढला. नकाशे दाखवणारा मोठा पडदा बसवला, केबिनमधल्या गाद्यांना नवे कापड लावले, संगीताची सोय केली. त्या वर्षी बोट जास्त देखणी झाली आणि जास्त ओलीही झाली. जुलैच्या एका वादळी पावसानंतर सकाळी उठलो तेव्हा नव्या गादीच्या कोपऱ्यावर तपकिरी डाग पडला होता, आणि तो रंग चहाचा नव्हता. त्या डागाचा उगम शोधताना सर्व्हेअरचे ते वाक्य मला पुन्हा आठवले.

डेक म्हणजे फायबरग्लासचा एकसंध पत्रा, असा माझा समज होता. प्रत्यक्षात माझ्या बोटीच्या डेकमध्ये फायबरग्लासचे दोन पातळ थर आहेत आणि त्यांच्यामध्ये सुमारे १२ मिलिमीटर जाडीचे बाल्सा लाकूड आहे. हलकेपणा आणि ताठपणा या दोन्हींसाठी ही रचना उत्तम असते, पण डेकमधून आरपार जाणारा प्रत्येक बोल्ट हे बाल्साकडे जाणारे दार असते. कठड्याचे खांब, दोर बांधायचे क्लीट, डोलकाठीला आधार देणाऱ्या तारा जिथे अडकतात त्या चेनप्लेट, या सगळ्यांच्या भोवतीचे सील दहा-पंधरा वर्षांत सुकते, पाणी झिरपते आणि वरून काहीही न दिसता आतले लाकूड कुजत जाते. पाणी नेमके कुठून येते हे शोधण्यासाठी मी प्रत्येक बोल्टच्या खाली, केबिनच्या छताला, टिश्यू पेपरची एकेक गुंडाळी चिकटवली आणि पावसाची वाट पाहिली. बावीसपैकी नऊ गुंडाळ्या ओल्या निघाल्या. त्यानंतर छोट्या प्लॅस्टिकच्या हातोडीने संपूर्ण डेक ठोकून पाहिला. मडके विकत घेताना टिचकी मारून पाहतात, तोच हा प्रकार: निरोगी भाग खणखणीत वाजतो आणि कुजलेला भाग बद्द. बद्द वाजलेल्या भागाभोवती खडूने रेघ मारली, तेव्हा उजव्या बाजूला चेनप्लेटपासून पुढे जवळजवळ माझ्या हाताच्या लांबीइतका पट्टा आणि पुढच्या झडपेभोवती एक चौकोन तयार झाला.

आमच्याकडे, म्हणजे चेसापीक उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर, बहुतेक बोटी नोव्हेंबरच्या सुमारास पाण्याबाहेर काढतात आणि एप्रिलमध्ये पुन्हा सोडतात. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर होड्या ओढून शाकारतात, तसाच हा क्रम आहे, फक्त ऋतू वेगळा. त्या नोव्हेंबरमध्ये बोट लोखंडी टेकूंवर उभी राहिल्यावर मी डेकवर प्लॅस्टिकचा मांडव घातला आणि वरचा थर कापायला घेतला. पहिला काप घेताना हात थरथरत होता, कारण पैसे देऊन घेतलेल्या वस्तूला आपणच करवत लावत होतो. थर उचलल्यावर खाली भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा काळपट लगदा होता आणि त्याला तुंबलेल्या गटाराचा वास येत होता. खडूच्या रेघेवर विसंबून चालले नाही. पटाशीने खरवडत कोरडे, पांढरे बाल्सा लागेपर्यंत जावे लागले आणि भोक रेघेच्या दीडपट झाले.

इपॉक्सीचे काम मी पुस्तकी ज्ञानावर सुरू केले आणि पहिल्याच दिवशी धडा मिळाला. माझ्याकडच्या इपॉक्सीत राळ आणि हार्डनर यांचे प्रमाण पाचास एक होते आणि ते मी काटेकोर पाळले. मात्र मिश्रण एका उभ्या पेल्यात केले. ही रासायनिक क्रिया उष्णता सोडते, आणि उभ्या पेल्यात ती उष्णता अडकून राहते. दहा मिनिटांत पेला हातात धरवेना, मग त्यातून धूर निघाला आणि सगळे मिश्रण दगडासारखे झाले. त्यानंतर मी पसरट थाळीत थोडे-थोडे मिश्रण करू लागलो. थंडीत इपॉक्सी फार सावकाश घट्ट होते, म्हणून बरेचसे काम मार्चअखेरीला, मांडवात हीटर लावून करावे लागले. नवे बाल्सा घट्ट मिश्रणात बसवले, कापलेल्या थराच्या कडा बारास एक या उताराने घासल्या, म्हणजे ३ मिलिमीटर जाडीसाठी ३६ मिलिमीटर रुंद उतार, आणि त्यावर काचेच्या कापडाचे थर चढवले. हा उतार पाहून शेजारच्या बोटीवरचे एक वयस्क गृहस्थ म्हणाले की बहुतेक जण इथेच घाई करतात आणि दोन वर्षांत भेग पडते. इपॉक्सी सुकल्यावर तिच्यावर मेणासारखा चिकट थर येतो. तो घासण्याआधी साध्या पाण्याने धुवावा लागतो, नाहीतर वरचा रंग धरत नाही, ही गोष्टही मला त्यांच्याकडूनच कळली. घासकामाची धूळ फुफ्फुसांसाठी वाईट असल्यामुळे तोंडावर रबरी मुखवटा आणि अंगावर कागदी पोशाख असायचा, आणि तरीही घरी पोहोचल्यावर दारातच ऐकू यायचे, “आधी बाहेर कपडे झटक, मग आत ये.”

बोल्टची भोके परत पाडताना मी प्रत्येक भोक आधी मोठे केले, ते घट्ट इपॉक्सीने भरले आणि मग त्या भरावातून योग्य मापाचे भोक पाडले. यामुळे पुढे कधी सील गळले तरी पाणी केबिनमध्ये येईल, पण लाकडाला लागणार नाही. सील म्हणून ब्यूटाइल टेप वापरली. ती कायम मऊ राहते आणि बोल्ट दर आठवड्याला थोडा-थोडा आवळत नेला की स्वतःच सगळ्या फटी भरते. चेनप्लेट बाहेर काढल्या तेव्हा वर आणि खाली चकचकीत असलेले स्टेनलेस स्टील डेकच्या जाडीत असलेल्या भागात मात्र खड्ड्याखड्ड्यांचे झाले होते. स्टेनलेसवरचा संरक्षक थर टिकण्यासाठी त्याला ऑक्सिजन लागतो, आणि ओल्या, कोंडलेल्या जागेत तोच मिळत नाही. एका चेनप्लेटवर भिंगाखाली केसासारखी भेग दिसली, आणि पाणी गळते म्हणून हाती घेतलेले काम डोलकाठी वाचवणारे ठरले. सहाही नव्या करून घेतल्या.

बोट बाहेर असतानाच पाण्याखालचे वॉल्व्ह बदलून टाकले, कारण हे काम जमिनीवरच करता येते. जुन्या मालकाने कधीतरी घरगुती नळजोडणीचे पितळी वॉल्व्ह बसवले होते. काशाच्या वाटीने तळपाय घासणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला पितळ आणि कासे यांतला फरक नव्याने सांगावा लागत नाही, पण खाऱ्या पाण्यात तो फरक बोट तरंगण्याचा आणि बुडण्याचा असतो, हे मला ठाऊक नव्हते. पितळात तांबे आणि जस्त असते, आणि समुद्राचे पाणी त्यातले जस्त हळूहळू ओढून घेते. मागे गुलाबीसर, ठिसूळ तांबे उरते. एक वॉल्व्ह पान्याच्या हलक्या झटक्यात मोडला आणि तुटलेला भाग आतून अगदी तसाच गुलाबी होता. त्याच्या जागी काशाच्या जातीचे, रुंद बैठकीचे सीकॉक, म्हणजे बोटीसाठीच बनवलेले वॉल्व्ह, बसवले. हलमधून, म्हणजे बोटीच्या बुडातून, जाणाऱ्या फिटिंगचे आटे सरळ असतात आणि साध्या वॉल्व्हचे निमुळते. ते एकमेकांत दोन-तीनच वेढे पकडतात आणि वरवर घट्ट वाटतात. दुकानात विचारल्याशिवाय हे कोणी सांगत नाही. सीकॉक मोडलाच तर भोक बुजवता यावे म्हणून प्रत्येकाजवळ मऊ लाकडाची एकेक खुंटी दोरीने बांधून ठेवली आहे.

२०२३ च्या उन्हाळ्यात इंजिनाची पाळी आली. मूळ कुबोटाचे, ट्रॅक्टरच्या घराण्यातले हे तीन सिलिंडरांचे डिझेल इंजिन बोटीसाठी बदल करून बसवलेले आहे आणि त्याची ताकद २१ अश्वशक्ती आहे. आधी ते तापू लागले. समुद्राचे पाणी खेचणाऱ्या पंपातल्या रबरी इम्पेलरची सहापैकी दोन पाती तुटलेली होती. नवा इम्पेलर बसवून मी खूश झालो, पण तापणे थांबेना, कारण तुटलेली पाती पुढे जाऊन, इंजिनाची उष्णता समुद्राच्या पाण्याला देणाऱ्या हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकली होती. ती चिमट्याने काढली आणि तुकडे जुळवून पाहिले, तेव्हाच काम पूर्ण झाल्याची खात्री पटली. त्यानंतर मी डिझेलचे फिल्टर बदलले आणि इंजिन सुरू होऊन दोन मिनिटांत बंद पडू लागले. दोन दिवस झगडल्यावर मिरजेजवळच्या आमच्या काकांना फोन केला. त्यांचे अर्धे आयुष्य विहिरीवरच्या किर्लोस्कर ऑइल इंजिनाजवळ गेले आहे.

“फिल्टर बदललास म्हणजे एअर धरली असणार,” ते म्हणाले.

“एअर काढली, काका. पुन्हा धरते आहे.”

“मग कुठूनतरी हवा खेचतंय ते.”

“पण डिझेल कुठेच गळत नाही.”

“ओढणाऱ्या बाजूला गळायचं नाही रे, हवाच आत जायची. टाकीपासून पंपापर्यंतचं बघ.”

पहिल्या फिल्टरचा रबरी रिंग खाचेत नीट बसलेला नव्हता. तो काढून, बोटाने डिझेल लावून पुन्हा बसवला आणि त्यानंतर इंजिन त्या कारणाने एकदाही बंद पडलेले नाही. बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याभोवतीचे, पाणी अडवणारे ग्लँड पॅकिंगही मी त्याच धर्तीवर समजून घेतले, कारण शेतातल्या पंपाची ग्लँड दोरी आणि बोटीची यांत तत्त्वाचा फरक नाही: फार आवळली तर दांडा तापून झिजतो, फार सैल ठेवली तर पाणी साचते, आणि दांडा फिरत असताना अधूनमधून एखादा थेंब पडला पाहिजे.

विजेचे काम दुसऱ्या हिवाळ्यात केले. ते धोक्याचे असले तरी कंटाळवाणे आहे, त्यामुळे थोडक्यात सांगतो. अ‍ॅनापोलिसमध्ये मुख्यालय असलेल्या अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकांनुसार बॅटरीच्या तारेवरचा फ्यूज साधारणतः बॅटरीपासून ७ इंचांच्या आत असावा लागतो. माझा मुख्य फ्यूज बॅटरीपासून चार फूट दूर होता, म्हणजे मधल्या चार फुटांत तार घासली असती तर आगीला अडवणारे काहीच नव्हते. सगळ्या तारा कथिलाचा मुलामा असलेल्या घातल्या. डोलकाठीच्या टोकावरचा २५ वॉटचा जुना दिवा १२ व्होल्टवर दोन अँपिअर खात असे, म्हणजे रात्रीच्या दहा तासांत २० अँपिअर-तास. त्या जागी एलईडी बसवल्यावर तेच काम दोन अँपिअर-तासांच्या आत होऊ लागले. लिथियम बॅटऱ्यांचा मोह मात्र मी आवरला. त्या शून्य अंश सेल्सियसखाली चार्ज करता येत नाहीत, आणि त्या सलग इतका विद्युतप्रवाह ओढतात की इंजिनावर वीज तयार करणारा माझा जुना अल्टरनेटर तापून गेला असता. गोल्फच्या गाड्यांत वापरतात तशा सहा व्होल्टच्या दोन शिशाच्या बॅटऱ्या मला पुरतात. तिसऱ्या हिवाळ्यात डोलकाठी उतरवून तिच्या तारा बदलून घेतल्या. ते काम मी पैसे देऊन कारागिराकडून करून घेतले आणि त्याबद्दल मला जराही संकोच वाटत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये बोट पुन्हा पाण्यात उतरली. क्रेनचे पट्टे सोडण्याआधी मी चालकाला पाच मिनिटे थांबायला सांगितले, खाली जाऊन प्रत्येक सीकॉकभोवती कोरडा हात फिरवला आणि एका नळीचा क्लँप अर्धा वेढा आवळला. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सलग दोन रात्री पाऊस पडला. तिसऱ्या दिवशी सकाळी टिश्यू पेपरच्या बावीसही गुंडाळ्या एकेक करून उतरवल्या. एकवीस कोरड्या होत्या. बाविसावी, डाव्या बाजूच्या मागच्या क्लीटखालची, किंचित दमट होती, आणि तिचा क्रमांक मी नोव्हेंबरच्या यादीत पहिल्या ओळीवर लिहून ठेवला आहे.