तुम्ही विचारलंत म्हणून: माणसं बॉम्बने मरतात, शब्दांचा कीस कशाला?

परदेशी बातम्यांचं मराठी करणं हे माझं काम. त्यामुळे हा प्रश्न हमखास येतो: ‘माणसं बॉम्बने मरतात हो, तुम्ही शब्दांचा कीस काय काढत बसता?’ विचारणाऱ्याचं अर्धं बरोबर आहे. नुसत्या शब्दाने कुणाचा जीव जात नाही. पण जीव घेणाऱ्याला आधी तयार करावं लागतं आणि नंतर जबाबदारीतून सोडवावं लागतं. ही दोन्ही कामं भाषा करते, आणि मला दुसरं काम जास्त घातक वाटतं.

पहिल्यासाठी सगळे रवांडाचा दाखला देतात. १९९४ मध्ये तिथे तुत्सी या अल्पसंख्य समाजाची कत्तल चालू असताना ‘आरटीएलएम’ हे रेडिओ केंद्र त्यांना ‘झुरळं’ म्हणत होतं, कुणाकुणाची तर नावंही सांगत होतं. या कत्तलीसाठी टांझानियातल्या अरुशात बसलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने डिसेंबर २००३ मध्ये प्रसारमाध्यमांच्या खटल्यात तिघांना दोषी ठरवलं. २००७ च्या अपिलात काही आरोप गळाले, शिक्षाही कमी झाल्या. ‘झुरळं’ सगळ्यांच्या लक्षात राहतं, कारण ती शिवी आहे. मारेकऱ्यांच्या तोंडी मात्र आणखी एक साधा शब्द होता: काम. शिवी ऐकून एखादा दचकेल तरी. ‘कामाला चला’ म्हटल्यावर दचकायचं कशाला?

त्याच दिवसांत वॉशिंग्टनमध्ये वेगळी कसरत चालू होती. ‘वंशसंहार’ म्हटलं तर १९४८ च्या वंशसंहारविरोधी आंतरराष्ट्रीय कराराखाली काहीतरी करणं भाग पडेल, ही धास्ती. म्हणून परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या ‘वंशसंहाराची कृत्ये’ म्हणत राहिल्या. अशी किती कृत्यं झाली की वंशसंहार होतो, असं १० जूनला एका पत्रकाराने विचारलं. याचं उत्तर मी देऊ शकत नाही, असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली.

माझा खरा दाखला अल्जीरियाचा. १९५४ ते १९६२ फ्रान्स तिथल्या स्वातंत्र्यवादी बंडखोरांशी लढत होता, लाखो फ्रेंच तरुण सक्तीच्या लष्करी सेवेत तिकडे पाठवले जात होते, आणि सरकारी कागदांत त्याला युद्ध म्हणायची सोय नव्हती. अल्जीरिया हा फ्रान्सचाच भाग, मग आपल्याच घरात युद्ध कसलं? ‘सुव्यवस्था राखण्याची कारवाई’ म्हणायचं. बोलताना नुसतंच ‘घटना’. (‘पोलीस ॲक्शन’ची आठवण झाली असेल तर बरोबरच झाली. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादेत रणगाडे घेऊन शिरलं ते लष्करच होतं.) युद्ध नाही म्हणजे पकडलेला बंडखोर युद्धकैदी नाही, गुन्हेगार. जून १९५६ पासून अशा गुन्हेगारांना गिलोटिनखाली (मुंडकं उडवणाऱ्या यंत्राखाली) द्यायला सुरुवात झाली. आणि युद्धच नाही म्हटल्यावर परत आलेला फ्रेंच शिपाई तरी माजी सैनिक कसा? लढवय्यांना मिळणारं ओळखपत्र आणि त्यासोबतचे हक्क त्याला मिळायला १९७४ उजाडलं. कायद्यात ‘अल्जीरियाचं युद्ध’ हे शब्द आले ते ऑक्टोबर १९९९ मध्ये. एका शब्दाच्या टाळाटाळीत शत्रूचा जीव गेला आणि आपल्याच माणसाचा हक्क बुडाला. याला मी कीस कसं म्हणू?

आम्ही बातमीवालेही काही धुतल्या तांदळासारखे नाही. एकाच रात्री दोन बाजूंची माणसं मरतात. आपल्या पसंतीच्या बाजूचा ‘हुतात्मा’ होतो, नावडत्याला ‘कंठस्नान’ घातलं जातं, आणि ज्याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही तो नुसताच ‘दगावतो’. वाक्यरचना तर त्याहून लबाड. ‘बॉम्ब पडला, इमारत कोसळली, रहिवासी मृत्युमुखी पडले.’ सगळं आपोआप! बॉम्ब टाकणारा या वाक्यात कुठेच नाही. टाकला कुणी हे ठाऊक असेल तर ते मी पहिल्याच वाक्यात घालतो. ठाऊक नसेल तर तसं लिहितो. कुरकुर होते, कारण वाक्य लांबतं.

राज्यकर्त्यांना शब्दांची ताकद आपल्यापेक्षा बरी कळते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली आणि तिला ‘विशेष लष्करी कारवाई’ म्हटलं. मार्चमध्ये कायदा आला: सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवली तर १५ वर्षांपर्यंत कैद. मॉस्कोतल्या एका स्थानिक परिषदेत मुलांच्या चित्रकला स्पर्धेचा विषय निघाला. तिकडे मुलं मरत असताना स्पर्धा कसल्या घेता, असं सदस्य अलेक्सेई गोरिनोव्ह म्हणाले आणि बोलता बोलता ‘युद्ध’ म्हणाले. जुलैमध्ये त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबरमध्ये पुतिन स्वतःच जाहीरपणे म्हणाले की हे युद्ध संपवणं हे आमचं उद्दिष्ट आहे. सेंट पीटर्सबर्गच्या एका स्थानिक लोकप्रतिनिधीने, याच कायद्याखाली त्यांची चौकशी करा, अशी रीतसर तक्रार दिली. पुतिन यांच्यावर अर्थातच गुन्हा दाखल झाला नाही.