नारायणगावच्या राहुट्या आणि टेम्पोत मावणारं प्रदर्शन

पाडव्याच्या चार दिवस आधी आम्ही तिघं पुण्याहून नारायणगावला गेलो. अंतर ७५ किलोमीटरच, पण चाकणच्या कोंडीत सकाळ घालवायची नसेल तर सहाच्या आत मोशी मागे टाका.

तमाशावरचं फिरतं प्रदर्शन करायचंय, टेम्पोत मावेल आणि जत्रेत तासाभरात उभं राहील असं. त्यासाठी या गावासारखी दुसरी जागा नाही. चैत्रातल्या जत्रांतल्या खेळांच्या सुपाऱ्या घ्यायला फडांच्या, म्हणजे तमाशा मंडळांच्या, राहुट्या इथेच पडतात. बाहेर कलावंतांच्या फोटोंचा भला मोठा बोर्ड, आत गादी, वही आणि मॅनेजर. गावोगावचे पंच येतात, तारीख ठरते, इसार दिला जातो. त्या धांदलीत कॅमेरा काढू नका. दुपारी जेवणं उरकल्यावर जा आणि आधी नुसते बसा.

एका राहुटीत वयस्क ढोलकीवाले भेटले. त्यांच्या ट्रंकेत जुन्या हँडबिलांचा गठ्ठा होता. प्रदर्शनाला द्याल का, असं विचारताच त्यांनी ट्रंक मिटली. पूर्वी कुणीतरी नेलेले फोटो परत आलेच नव्हते. त्यांचं बरोबरच होतं. मग राहुटीच्या सावलीत काळं कापड अंथरलं, शेजारी फूटपट्टी ठेवली आणि त्यांच्यासमोरच एकेका हँडबिलाचा फोटो घेतला. मागची बाजूही घ्या! तिथे पेन्सिलीने गावांची नावं आणि बिदागीचा हिशेब होता. मला ते छापील मजकुराहून मोलाचं वाटतं. ४१ हँडबिलं, तीन तास. अस्सल कागद त्यांच्याकडेच राहिले. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच.

निघताना आमच्या पहिल्या फलकाचा मजकूर त्यांना वाचून दाखवला. सुरुवात होती, ‘लोप पावत चाललेली ही लोककला’. ते म्हणाले, “आम्ही इथं सुपारी घ्यायला बसलोय, आणि तुम्ही आम्हाला लोप पावलेलं लिहिता?” ते वाक्य तिथेच खोडलं. आता त्या जागी त्या फडाच्या यंदाच्या तारखा येणार आहेत. मजकूर छापायला देण्याआधी ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना वाचून दाखवाच.

हे तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं गाव. २००२ साली त्या गेल्या; त्यांच्या नावाने राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. खेळ चालू असताना पडद्यामागे बाळंत होऊन त्या पुन्हा रंगमंचावर आल्या, ही गोष्ट सगळेच सांगतात. आम्ही त्यांच्या फलकावर त्यांच्या गाण्याला आणि अदाकारीला जागा द्यायचं ठरवलंय.

मांडणीचं थोडक्यात: फ्लेक्स हॅलोजनखाली चकाकतो, अक्षर दिसत नाही. सुती कापडावर छापा, गुंडाळताही येतं. तमाशाच्या खेळाचा गण (गणेशवंदन), गवळण (कृष्ण-गवळणींचा प्रवेश), बतावणी (विनोदी संवाद), वग (मुख्य नाट्य) हाच क्रम फलकांना द्या, बघणारा आपोआप पुढे सरकतो. हेडफोन नकोत, जत्रेत माणसं घोळक्याने येतात. छोटा स्पीकर पुरे, आणि शेजारच्या फडात ढोलकी वाजली की तो बंद करा. प्रदर्शनाची गाडीच करायची असेल, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची २०१५ पासून फिरणारी संग्रहालय-बस आधी बघून घ्या.

कलावंतांना फोटोंच्या प्रती देण्याचा शब्द दिलात तर पत्ता घरचा घ्या. पाडव्यानंतर फड गावोगाव असतो, राहुटीच्या पत्त्यावर पाठवलेलं पाकीट कुणाच्याच हाती लागत नाही.