पाटी नसलेलं झाड

आत्याच्या सोसायटीत मागच्या भिंतीलगत, पाण्याची टाकी आणि पोरांच्या सायकली यांच्या मधे एक चिंचोळी पट्टी आहे. तिथे बकुळ, पारिजातक आणि सोनचाफा लावलाय. प्रत्येकाच्या बुंध्याशी शहाबादी फरशीचा तुकडा, त्यावर एकेक नाव. तिघंही याच बिल्डिंगमधले, तिघंही कॅन्सरने गेलेले. कमिटीच्या ठरावात हिचं नाव ‘स्मृतिउद्यान’ आहे. लोक ‘मागची बाग’ म्हणतात. पाणी आत्या घालते. चार वर्षांपूर्वी तिचीही लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची, ट्रीटमेंट झाली.

“चौथ्या पाटीला जागा ठेवली होती मेल्यांनी,” ती सांगते, “मी तिथे कढीपत्ता लावला.”

पाचवं झाड कुणी लावलेलं नाही. टाकीच्या गळक्या नळाखाली फरशीच्या फटीतून आलेली गुलाबी सदाफुली. आपल्याकडे तिला मान असा नाहीच. वास नाही, गजरा होत नाही, पानं इतकी कडू की शेळीही तोंड लावत नाही. गंजक्या डब्यात, गटाराच्या कडेला, स्टेशनच्या भिंतीला, मिळेल तिथे ती बाराही महिने फुलते. मूळची मादागास्करची, पण इतकी घरची झाली की पाहुणी आहे हे सांगावं लागतं.

आत्याला दर 21 दिवसांनी शिरेतून जी औषधं द्यायचे, त्यांत एक विन्क्रिस्टिन होतं. “मावशी, हे सदाफुलीचं बरं का,” सिस्टर एकदा म्हणाली. आत्याला वाटलं, धीर द्यायला काहीतरी सांगतेय. मी वाचून काढलं, तर खरंच निघालं. जमैकात सदाफुलीच्या पानांचा काढा मधुमेहावर पितात म्हणून ती पानं कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्या प्रयोगशाळेत पोचली. उंदरांची साखर काही उतरली नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र भराभर उतरल्या. साखरेच्या दृष्टीने प्रयोग फसलाच म्हणायचा. पण पांढऱ्या पेशी बेसुमार माजणं हाच ज्या आजाराचा स्वभाव, त्याला हे औषध लागू पडणार नाही का? नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी 1958च्या सुमारास पानांतून विन्ब्लास्टिन वेगळं केलं. मागोमाग अमेरिकेत विन्क्रिस्टिन सापडलं आणि 1963 साली त्याला तिथे परवानगी मिळाली. लहान मुलांच्या ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, ते आजही देतात. (म्हणून उठून पानं चघळायला जाऊ नका. औषध आणि विष तिथे एकाच पानात नांदतात. आमच्या मजल्यावरचे एक काका रोज उपाशीपोटी चार पानं खातात; सांगून थकलो.)

परळच्या टाटा हॉस्पिटलच्या नावातलं ‘मेमोरियल’ आपण बोलताना गाळून टाकतो. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई 1931 साली दूर वेल्समध्ये ल्युकेमियाने गेल्या. त्यांच्या आठवणीतून सुरू झालेलं काम पुढे या हॉस्पिटलपर्यंत पोचलं. ते 1941 साली उभं राहिलं. त्या गेल्या तेव्हाही मुंबईत कुणाकुणाच्या दारात सदाफुली फुलत असणारच. कुणाच्या लेखी ती औषध नव्हती, नुसतं कुंडीतलं झाड होतं.

विन्क्रिस्टिन बोटं बधिर करतं. ट्रीटमेंट चालू असताना आत्याची चप्पल पायातून निसटायची आणि तिला पत्ताच नसायचा. दोनदा तर एकच चप्पल घालून ती बाजारातून परत आली. अंगठे अजून पुरते जागे झालेले नाहीत.

परवा मी गेलो तेव्हा नवा माळी तण काढत होता. बकुळीच्या आळ्यातून तो टाकीपाशी सरकला, सदाफुली मुठीत धरली आणि विचारलं, “आजी, हे उपटू ना? याला पाटी नाही.”

“राहू दे रे ते,” आत्या म्हणाली, “आधी माझी डाव्या पायातली चप्पल बघ. तिथेच कुठेतरी पडली असेल.”