तुम्ही विचारलंत म्हणून: आसिफकडे पाठवाल का मुलांना?

पोरांना सीम, म्हणजे चेंडूवरची उभी शिवण, दाखवताना मी पाकिस्तानचा वेगवान गोलंदाज मोहम्मद आसिफचं नाव घेतो, आणि ते घेतलं की कुणा ना कुणा पालकाचा प्रश्न ठरलेला. ‘सर, तो फिक्सिंगवाला ना? उद्या असा माणूस कोच म्हणून आला, तर आमच्या पोराला पाठवाल त्याच्याकडे?’ काहीजण खरंच कुतूहलानं विचारतात. काहींच्या सुरात ‘तुम्हाला दुसरं कुणी मिळालं नाही का?’ असतं. तेव्हा नेट चालू असतं, शेजारच्या पिचवरून आलेला चेंडू कुणाच्या डोक्यात बसू नये इकडे माझं निम्मं लक्ष, त्यामुळे उत्तर अर्धवट राहतं. म्हणून एकदा सविस्तर.

आधी आसिफच का, ते सांगतो. चौदा वर्षांच्या पोराला मी वेग देऊ शकत नाही. तो खांद्यात, पायात, थोडा आईबापांच्या उंचीत असतो. मनगट मात्र शिकवता येतं. आणि मनगट बघायचं तर आसिफ. वेग जेमतेम ताशी १३० किलोमीटरच्या आसपास, रनअप आळसावलेला, पाहणाऱ्याला वाटावं हा वॉर्मअप करतोय. पण चेंडू हातातून सुटताना मनगट बरोबर त्याच्या मागे, सीम ताठ उभी, आणि टप्पा पडल्यावर चेंडू आत येणार की बाहेर जाणार हे फलंदाजाला हातावरून कळत नाही. जानेवारी २००६ची कराची कसोटी आपल्याला इरफान पठाणच्या पहिल्याच षटकातल्या हॅटट्रिकसाठी आठवते. ती कसोटी आपण ३४१ धावांनी हरलो, आणि दुसऱ्या डावात सेहवाग, लक्ष्मण आणि सचिन तिघांच्याही दांड्या आसिफनं उडवल्या, हे मात्र सोयीस्कर विसरतो. २३ कसोटींत १०६ बळी, सरासरी चोविसाच्या आसपास. या माणसावर बंदी आली तेव्हा जगातल्या बऱ्याच फलंदाजांना हायसं वाटलं असेल, अशा अर्थाचं इंग्लंडचा फलंदाज केव्हिन पीटरसननं लिहिलं होतं.

माझ्याकडे अर्धा लाल, अर्धा पांढरा असा एक चेंडू आहे. मनगट सरळ असेल तर हवेत दोन्ही रंग वेगवेगळे दिसतात, पडलं की सगळा चेंडू गुलाबी भुरकट. मुलगा टाकतो, स्वतःच बघतो आणि स्वतःच तोंड वाकडं करतो. मला काही बोलावं लागत नाही. आसिफचा हा चेंडू हवेत कसा दिसेल, असा विचार मी कितीदा केलाय.

आता दुसरी बाजू, तीही काही छोटी नाही. २००६मध्ये नँड्रोलोन या बंदी असलेल्या स्टेरॉइडच्या चाचणीत सापडला, वर्षाची बंदी आली, ती अपिलात उठली. २००८च्या आयपीएलमध्ये पुन्हा तेच. त्याच वर्षी दुबई विमानतळावर जवळ अफू सापडली आणि १९ दिवस अडकून पडला. आणि ऑगस्ट २०१०मध्ये इंग्लंडविरुद्धची लॉर्ड्सची कसोटी. मझहर मजीद या एजंटानं सापळा लावणाऱ्या एका ब्रिटिश वर्तमानपत्राच्या माणसाकडून दीड लाख पौंड घेऊन तीन नो-बॉल कधी पडतील ते आधीच सांगून ठेवलं होतं. दोन त्याच संघातल्या मोहम्मद आमिरनं टाकले, एक आसिफनं. आसिफचा पाय रेषेच्या थोडाच पुढे होता, आमिरचा इतका की टीव्हीवर बघणाराही चमकला. कोर्टात आसिफचं म्हणणं असं, की कर्णधार सलमान बट ‘जोरात पळ’ म्हणून डिवचत होता, त्यात पाय पुढे पडला. ज्युरीला ते पटलं नाही. वर्षभराची कैद आणि आयसीसीची सात वर्षांची बंदी, त्यातली दोन स्थगित.

‘मग श्रीशांतचं काय? आपल्या अंकित चव्हाणचं काय?’ हे पुढचं ठरलेलं. २०१३च्या आयपीएलमधल्या फिक्सिंग प्रकरणात दिल्लीच्या कोर्टानं २०१५मध्ये त्यांना आरोपमुक्त केलं, बोर्डाची बंदी मात्र राहिली आणि पुढे सात वर्षांवर आली. तिथे वाद घालायला जागा आहे, आणि वाद घालत बसलं की मूळ प्रश्न बाजूला राहतो. आसिफच्या बाबतीत ती पळवाट नाही. गुन्हा सिद्ध, शिक्षा भोगून झालेली, २०१३मध्ये जाहीर माफीही मागून झालेली.

‘कला वेगळी, चारित्र्य वेगळं’ हे उत्तर मला फार स्वस्त वाटतं. ‘चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या’ हेही तितकंच. क्रिकेटनं स्वतः काय केलंय बघा. पाकिस्तानातल्या मॅच-फिक्सिंगची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती कय्यूम यांच्या २०००च्या अहवालात लेगस्पिनर मुश्ताक अहमदला तीन लाख रुपयांचा दंड होता आणि त्याला जबाबदारीचं पद देऊ नये अशी शिफारस होती. २००८मध्ये तोच मुश्ताक इंग्लंडचा फिरकी गोलंदाजीचा कोच झाला, २०१४पर्यंत राहिला, आणि त्यांचा ऑफस्पिनर ग्रॅमी स्वानची भरभराट त्याच काळातली. कुणाचं काही बिघडलं नाही. २०२०मध्ये आसिफ हेच म्हणाला: माझ्या आधीही फिक्सिंग करणारे होते, नंतरही, बाकीच्यांना दुसरी संधी मिळाली, मला नाही.

तक्रार म्हणून यात खोट काढणं अवघड आहे. पण मुलांच्या कोचच्या तोंडी हे वाक्य आलं तर मला धडकी भरेल. ‘सगळेच करतात’ हे सोळा वर्षांच्या पोराला शिकवावं लागत नाही, ते त्याला आधीच माहीत असतं.

पालकांना वाटतं की फिक्सिंग म्हणजे बुकी आणि पैशाची बॅग. लॉर्ड्सवरचा आमिर आठवा. अठरा वर्षांचा, जगातला सगळ्यात गुणी डावखुरा पोरगा. त्याच्याभोवती कोण होतं? पंचविशीचा कर्णधार, त्या कर्णधाराचा एजंट आणि सत्तावीस वर्षांचा आसिफ. थांब म्हणणारं एकही मोठं माणूस त्या घोळक्यात नव्हतं. त्याच्या वर्षभर आधी इंग्लंडमध्ये एसेक्स कौंटीचा गोलंदाज मर्विन वेस्टफील्डनं एका षटकात ठरवून धावा देण्यासाठी सहा हजार पौंड घेतले. बारा द्यायच्या होत्या, दहाच गेल्या. हे जमवून देणारा कोण, तर त्याच संघातला ज्येष्ठ लेगस्पिनर दानिश कनेरिया. पोरगं चार महिन्यांच्या कैदेची शिक्षा घेऊन बसलं. कनेरियानं कबूल करायला २०१८ उजाडलं.

आणि कोचच हवा असेल तर झिम्बाब्वेचा हीथ स्ट्रीक. खेळाडू म्हणून त्याच्या नावाला डाग नव्हता, पोरांना पाठवताना कुणीही एक प्रश्न विचारला नसता. आठ वर्षांची बंदी आली ती कोच म्हणून केलेल्या उद्योगांसाठी: आतली माहिती बाहेर देणं, खेळाडूंची ओळख नको त्या माणसाशी करून देणं. मोबदला दोन बिटकॉइन आणि बायकोसाठी आयफोन. कोचकडे असलेली खरी चीज चेंडूची पकड नाहीच. पोरांचे नंबर, पोरांचा विश्वास आणि संघ निवडताना चालणारा शब्द, हे सगळं त्याच्या हातात असतं.

म्हणून माझं उत्तर दोन तुकड्यांत आहे. मनगट शिकायला पाठवीन. आनंदानं, आणि स्वतः मागे उभा राहून वहीत टिपणं घेईन. उघड्या मैदानावर, दुसरा कोच हजर असताना, ठरलेल्या तासाला. पण निवड समितीत तो नको. पाकिस्तान बोर्डानं डिसेंबर २०२३मध्ये सलमान बटला निवड समितीचा सल्लागार नेमलं आणि ओरड झाल्यावर दुसऱ्याच दिवशी काढलं. ती ओरड मला रास्त वाटते. दौऱ्यावर मुलांबरोबर तो नको. मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको. त्यानं कुणाला स्पाइक्स भेट द्यायचे नाहीत, कितीही प्रेमानं असोत. सुरुवात नोटांच्या बंडलानं होत नाही. बूट, फोन, बाहेरचं एक जेवण, इथून होते. सहा-सात हजारांच्या बुटांसाठी बाप हप्ते मोजतोय आणि कुणीतरी ते सहज हातात ठेवतो, त्या पोराला ‘नको’ म्हणायला फार बळ लागतं.

आणखी एक अट. पहिल्या दिवशी त्यानं तो नो-बॉल स्वतः सांगायचा. कोण काय म्हणालं, नाही म्हणता आलं असतं तो क्षण कुठला, तेव्हा का नाही म्हणालो. बट डिवचत होता ही गोष्ट नको, ती ज्युरीनं ऐकलीय. वेस्टफील्डनं हे केलं. शिक्षेनंतर तो इंग्लंडमधल्या तरुण खेळाडूंसमोर उभा राहून आपली कहाणी सांगत होता. आसिफ तयार नसेल तर मग त्याचे व्हिडिओ आहेतच, ते मी दाखवतोच आहे.

‘एवढ्या अटी घालून कोण येईल?’ असं एक काकू मला म्हणाल्या. नाही आला तर नाही आला. खरं तर या अटी मी आमच्या सगळ्याच कोचना लावा म्हणून मागे लागलोय, मीही त्यात आलो. बूट आणि व्हॉट्सअ‍ॅपची कलमं मंजूर झाली. दौऱ्यावर एक पालक सोबत हवा, हे अजून अडकलंय, कारण त्या पालकाच्या तिकिटाचे पैसे कुणी भरायचे यावर एकमत नाही.